पंचेचाळीस इंच

"डबा आत जाणार नाही," गेटवरचा माणूस म्हणाला. "बाहेरचं खाणं बंद आहे. इथं ठेवून जा, नाहीतर इथंच बसून संपवा."

डबा भाऊबीजेचा होता. माझ्या बायकोच्या, शैलाच्या, वहिनीनं आदल्या दिवशी तो दाबून भरला होता. खाली चकल्या, मध्ये शंकरपाळ्या, वर अनारसे. माहेरचा डबा परक्या माणसाच्या टेबलाखाली ठेवून पुढं जाईल ती शैला कसली. तिनं गेटाशेजारच्या कठड्यावर पदर खोचून बैठक मारली, दोन्ही पोरांना जवळ बसवलं आणि म्हणाली, "खावा. एक चकली मागं ठेवायची न्हाई."

तर सकाळी साडेदहाला एका मोठ्या थीम पार्कच्या दारात बसून आम्ही चौघं फराळ करत होतो. आतून पोरांच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. आमची पोरं, साडेआठ वर्षांचा अवधूत आणि सव्वासात वर्षांची केतकी, तोंडात शंकरपाळ्या घोळवत माना लांब करून आत बघत होती. शेवटी चार चकल्या काही केल्या संपेनात, तेव्हा शैलानं त्या गेटवरच्या माणसाला दिल्या. त्यानं आनंदानं घेतल्या. बाहेरचं खाणं फक्त आम्हालाच बंद होतं म्हणायचं.

याला आता एकवीस वर्षं झाली.

मी फलटणचा हेंद्रे टेलर. शाळेचे गणवेश ही माझी खासियत. एप्रिल ते जून आणि दसरा ते दिवाळी मला मान वर करायला सवड नसते, आणि बाकीच्यांना सुट्ट्या असतात त्या नेमक्या तेव्हाच. त्यामुळं पोरांना कधी कुठं नेलं नव्हतं. त्या वर्षी भाऊबीजेला पुण्याला मेहुण्याकडं गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटला फलटणच्या गाडीची वाट बघत उभे होतो, तर समोर एक बस येऊन लागली. तिच्या पाठीवर या पार्कची जाहिरात होती. भलंमोठं जहाज, एक टोक आभाळात चढलेलं, आणि त्यात हात वर करून ओरडणारी पोरं.

"पप्पा, असं खरंच असतं का?" अवधूतनं विचारलं.

तो फारसं काही मागणारा मुलगा नव्हता. जे मागायचं ते असं प्रश्न विचारून मागायचा. मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "असतं की. चला, बघून येऊ."

"कुठं?" शैला म्हणाली.

"तिथंच."

"आत्ता?"

"आत्ताच. दुकान सोमवारपर्यंत बंदच हाय."

शैलानं माझ्याकडं नीट बघितलं. "तुमची तब्येत बरी हाय न्हवं?"

तिचंही बरोबर होतं. टेलरचा जन्म तारखांत जातो. कापड आलं की तारीख द्यायची, ती चुकली की दुसरी द्यायची. मी घरातसुद्धा तारीख दिल्याशिवाय काही करत नसे. पण त्या दिवशी मी उलट्या दिशेच्या गाडीत बसलो आणि पोरांना सांगून टाकलं, "आज काही ठरवायचं न्हाई. दिसेल त्यात बसायचं, भूक लागेल तेव्हा खायचं, दमलो की घरी." केतकीनं टाळ्या वाजवल्या. शैला खिडकीतून बाहेर बघत उगाचच हसत होती. इतकं मोकळं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

आत गेल्यावर पहिला तास तसाच गेला. छोट्या आगगाडीत बसलो. माझे गुडघे हनुवटीला लागत होते आणि मागच्या डब्यातून शैला त्यावरून टिंगल करत होती. पाण्याचे फवारे उडत होते तिथं पोरं कपड्यांसकट भिजली. मग अवधूतला ते जहाज दिसलं. जाहिरातीतलं होतं तसंच, त्याहून मोठं. तो पळतच सुटला, त्याच्यामागून केतकी.

जहाजाच्या रांगेच्या तोंडाशी एक फळी उभी केलेली होती. तिच्यावर दाढीवाला खलाशी रंगवलेला, एक हात बाजूला आडवा धरलेला. खाली लिहिलं होतं: माझ्या हाताला डोकं लागलं तरच जहाजात या. उंची ४५ इंच.

मी तो आकडा वाचला आणि माझे पाय जागच्या जागी थांबले.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दरवर्षी जूनमध्ये, गणवेश बेतायच्या आधी, मी दोन्ही पोरांना दाराच्या चौकटीला उभं करून मापायचो. मी आकडा सांगायचो आणि शैला वहीत लिहायची. माझ्या टेपवर अख्ख्या गावाचा भरवसा, तर घरात कोण शंका घेणार? त्या जूनमध्ये अवधूतला मापलं तेव्हा टेप चव्वेचाळीस दाखवत होती. शैलाच्या वहीत मात्र सेहेचाळीस होते. मी तसं सांगितलं होतं.

आणि केतकी, धाकटी असून, त्याच्या डोक्यावरून पुढं गेलेली डोळ्यांना दिसत होती. दोघांचा मेळ बसावा म्हणून मग मी तिचीही उंची वाढवून सांगितली. ती सव्वासेहेचाळीस होती, वहीत अठ्ठेचाळीस. एकदा खोटं बोललं की त्याला टेकू द्यायला दुसरं लागतं. पोरी झपाट्यानं वाढतात, पोरं मागून वाढतात, असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो आणि शैला ते मनापासून सांगत होती.

"चला, आधी जेवून घेऊ," मी म्हणालो.

"आत्ता तर डबाभर फराळ झाला," शैला म्हणाली.

"मग त्या पाळण्यात बसू. याला गर्दी हाय."

पाळण्याकडं गेलो, तिथंही खलाशी हात आडवा करून उभा. मी म्हटलं, इथं ऊन आहे. घसरगाडीकडं गेलो, तिथं पुन्हा तोच. त्या पार्कच्या मालकानं एकाच चित्रकाराकडून पन्नास खलाशी रंगवून घेतले असावेत. मी प्रत्येक वेळी काहीतरी कारण काढत होतो आणि पोरांना बदकं, हरणांचे पुतळे, कारंजी दाखवत फिरवत होतो. सगळी मोकळीक संपली होती. न ठरवता आलेला मी मनातल्या मनात घटकाघटकाला ठरवत होतो, आता कुठं वळायचं.

तिसऱ्यांदा बदकं बघितल्यावर अवधूत म्हणाला, "पप्पा, आपण जहाजात बसणार न्हाई का?"

"बसायचं की," शैला म्हणाली. "तुमचे पप्पाच भित्यात. चला रे."

तिनं दोघांचे हात धरले आणि ती तरातरा निघाली. मी मागून चाललो. हाक मारावी असं दहा वेळा मनात आलं, पण हाक मारून सांगायचं काय?

फळीपाशी गळ्यात शिट्टी अडकवलेला एक तरुण माणूस उभा होता. अंगात निळा शर्ट, खांद्यावर एका बाजूला शिवण उसवलेला. "बूट काढून एकेक जण," तो म्हणाला. केतकी आधी गेली. तिचं डोकं खलाशाच्या हाताला जेमतेम लागलं. "जा आत," तो म्हणाला. मग अवधूत उभा राहिला. ताठ, छाती पुढं, श्वास रोखून. खलाशाचा हात त्याच्या डोक्याच्या चार बोटं वर होता.

"याला न्हाई जमायचं, ताई," शिट्टीवाला म्हणाला. "धाकट्याला त्या छोट्या गाडीत बसवा, मोठी जाऊ दे."

"तो दादा हाय," केतकी म्हणाली. "मी धाकटी हाय."

त्या माणसानं एकदा दोघांकडं बघितलं. ते बघणंच मला लागलं. अवधूत फळीपासून हलला नव्हता. अजून तसाच ताठ उभा होता, जणू थोडा वेळ दिला तर उंची भरेल.

मला वाटलं, झालं, इथं संपलं. पोराला आईस्क्रीम घेऊन देऊ, घरी जाऊ. पण शैला फळीकडं बघत होती. तिचं डोकं हिशेबाला पक्कं आहे.

"दादा, तुमची फळी चुकली," ती म्हणाली.

"फळी कशी चुकंल, ताई?"

"ही पोरगी अठ्ठेचाळीस इंच हाय. ती इथं पंचेचाळीसला जेमतेम लागली. म्हणजे तुमची फळी तीन इंच खोटी सांगती." ती खाली वाकली. "बघा की. पोरं उभी राहून राहून खड्डा पडलाय इथं. सगळी पोरं खड्ड्यात उभी राहत्यात."

खड्डा होता. हजारो पोरांच्या पायांनी फळीखालची माती झिजली होती. बोटाच्या जाडीएवढा असेल, जास्त नाही. शिट्टीवाला वाकून बघायला लागला. मागं रांग वाढत होती. कुणीतरी म्हणालं, बाईंचं बरोबर आहे.

माझंच खोटं शैलाच्या हातात पुरावा होऊन आलं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत लोकांना पटत होतं.

"सोड की," मी म्हणालो. "एक जहाज न्हाई तर न्हाई."

"का सोडायचं? पोराचं डोकं खरंच लागत नसतं तर गोष्ट निराळी." ती शिट्टीवाल्याकडं वळली. "आमचे मिस्टर टेलर हायेत. जूनमध्ये त्यांनीच मापलाय, सेहेचाळीस. सहा महिन्यांत पोरगं वाढलं असंल, कमी तर झालं न्हाई? अहो, टेप काढा."

टेप माझ्या शर्टाच्या खिशात होती. असतेच. टेप घेतल्याशिवाय मी देवळातसुद्धा जात नाही.

"मोजा काका," शिट्टीवाला म्हणाला. त्यालाही हे मिटवायचं होतं. "पंचेचाळीस भरले तर बसवतो. पण तुमच्या जबाबदारीवर."

मी टेप काढली. रांगेतली तीसेक माणसं बघत होती. शैला बघत होती, ती तर जिंकल्यासारखीच. अवधूतला मी फळीपासून बाजूला फरशीवर घेतलं आणि त्याच्या पायाशी बसलो. अशा वेळी माणसाला दोन वाटा असतात म्हणतात. मला तेव्हा एकच दिसली. टेपचं पितळी टोक मी त्याच्या टाचेखाली सरकवलं, टोकासकट चांगली दोन इंच टेप आत दाबली आणि त्याला म्हणालो, "नीट उभा राहा." टेप पायाखाली आल्याचं त्याला कळलं असणार. त्यानं खाली माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

टेप डोक्यापर्यंत नेली. दोन इंच दाबूनही आकडा पुरत नव्हता. त्याचं कारण शोधायला वेळ नव्हता. मी आकड्यावर अंगठा ठेवला आणि म्हणालो, "सेहेचाळीस."

"बघा," शैला म्हणाली.

शिट्टीवाल्यानं साखळी बाजूला केली.

जहाजात ओळीनं बाकं होती आणि प्रत्येक बाकाला पुढून खाली येणारा एक लांब दांडा. अवधूत आणि केतकी शेवटच्या बाकावर बसले, जिथून सगळ्यात उंच जातं तिथं. अवधूतनंच ते बाक निवडलं. शिट्टीवाला दांडे ओढत आला. त्यांचा दांडा खाली आला, केतकीच्या मांडीला टेकला आणि तिथं अडकला. अवधूतच्या पोटापुढं जागा राहिली.

कपडा अंगाला किती ढिला आहे हे मला रस्त्याच्या पलीकडून कळतं. तीस वर्षं तेच केलं आहे. त्या दांड्यात आणि माझ्या पोरात चार इंच जागा होती. कठड्याच्या बाहेरून मला ती स्पष्ट दिसत होती. शिट्टीवाला पुढच्या बाकाकडं गेला. त्याच्या दृष्टीनं दांडा बसला होता.

अवधूतनं आम्हाला हात केला. इतकं हसताना मी त्याला त्या वर्षात बघितलं नव्हतं. शिट्टी वाजली.

जहाज आधी नुसतं हललं. मग थोडं पुढं, थोडं मागं. मी मनाला समजावत होतो, झोपाळाच आहे, काय होतंय. तिसऱ्या झोक्याला त्यांचं टोक वर चढलं आणि खाली येताना अवधूत बाकावरून पुढं सरकला. मागं बसला, पुन्हा सरकला. केतकीनं त्याचा सदरा मुठीत धरला.

"थांबवा," मी ओरडलो.

मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. पोरं तर सगळीच ओरडत होती. मी कठड्यावरून पलीकडं उडी टाकली, पडलो, उठलो आणि शिट्टीवाल्याचा दंड धरला. "थांबवा हो, माझं पोरगं सुटंल त्यातून."

त्यानं खटका ओढला. पण असलं धूड खटका ओढला म्हणून जागच्या जागी थांबत नाही. ते आपल्या गतीनं झुलत राहतं, दर खेपेला जरा कमी. मी खाली उभा राहून ते झोके मोजले. अकरा झोके. प्रत्येक झोक्याला माझा मुलगा वर जात होता, बाकावरून सुटल्यासारखा होत होता आणि परत येत होता, आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. हात वर करून उभा होतो फक्त. कुणाला झेलायला ते हात होते कोण जाणे.

जहाज थांबलं. सगळी पोरं नाराज होऊन बघत होती. शिट्टीवाल्यानं दोघांना खाली आणलं. अवधूतचा चेहरा पांढरा पडला होता. केतकीनं सदरा अजून सोडला नव्हता.

"काय झालं काका?" शिट्टीवाला चिडला होता. "आत्ता तर तुम्हीच मोजलं."

"उंची कमी हाय त्याची," मी म्हणालो.

"मग सेहेचाळीस कसं काय सांगितलं?"

"खोटं मोजलं."

तो माणूस मला शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो शैलाकडं बघून म्हणाला, "ताई, पोरांना जरा सावलीत बसवा. पाणी द्या." आणि साखळी लावायला गेला.

तिथून थोड्या अंतरावर पत्र्याच्या शेडखाली सिमेंटचे बाक होते. शैलानं पोरांना बसवलं. केतकीला पाणी दिलं, अवधूतचं तोंड पदरानं पुसलं. मी समोर उभा होतो, टेप अजून हातातच होती. ती चिडली की बोलते, मोठ्यानं बोलते. या वेळी तिनं आवाज चढवला नाही.

मग तिनं विचारलं, "जूनमध्ये?"

"तेव्हाही."

"त्याच्या आदल्या जूनमध्ये?"

"त्याच्याही आदल्या जूनपासून."

"आणि केतकीचं?"

"तिचं वाढवून सांगितलं. मेळ बसावा म्हणून."

ती केतकीकडं, मग अवधूतकडं बघत राहिली. "तुमच्या अण्णांसारखं का?" तिनं हळूच विचारलं.

अण्णा माझा थोरला भाऊ. चार फूट तीन इंचांवर थांबलेला. आमच्या घरी कापड मोजायचं काम, म्हणून गावानं त्याला अर्धा मीटर असं नाव ठेवलं होतं. बाजारात पोरं मागून ओरडायची. लग्न ठरलं नाही, दुकानात गिऱ्हाईक त्याला मापं देताना हसायचं. एक दिवस सुरतेला कामाला जातो म्हणून गेला तो परत आला नाही. शैलाला बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी सरळ विचारलं होतं, तुमच्या रक्तात आहे का हे? मी म्हणालो होतो, नाही. मला तेव्हा तरी काय माहीत होतं?

त्या दिवसाच्या दोन वर्षं आधीच्या जूनमध्ये अवधूतला चौकटीला उभं केलं आणि टेप गेल्या साली होती तिथंच थांबली. मी पुन्हा लावली. तिथंच. मागं शैला वही घेऊन उभी होती. "किती?" असं तिनं इतक्या हौसेनं विचारलं, की माझ्या तोंडून दोन इंच जास्त निघून गेले. पुढच्या साली खरं सांगायचं तर ते मागचेही सांगावे लागणार होते. आज वाढेल, उद्या वाढेल करत मी दिवस काढले. पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं, औषधांनी वाढतात अशी मुलं म्हणाले, आणि मग विचारलं, दोन वर्षं आधी का नाही आणलं? उपाय होता. आमच्या घरात तो कुणी शोधला नाही, कारण आमच्या घरात टेलर होता.

आज अवधूतची उंची किती, ते मी इथं लिहिणार नाही. लोकांना मापं सांगायची माझी हौस त्या दिवशी फिटली.

"मला सांगायचं तरी," शैला म्हणाली. "मी काय सोडून जाणार होते पोराला? का तुम्हाला?"

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"आता खरं किती हाय ते सांगा. आत्ता."

"चव्वेचाळीस," मी म्हणालो. "जूनमध्ये चव्वेचाळीस होता. देवाशपथ."

"न्हाई," अवधूत म्हणाला.

तो इतका वेळ बुटाच्या नाड्यांकडं बघत बसला होता. आम्ही दोघं त्याच्याकडं वळलो.

"चव्वेचाळीस न्हाई," तो म्हणाला. "मी टाचा उचलायचो."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. "कधी रे?"

"घरी मापताना. चौकटीपाशी. पायजम्यात दिसत न्हाई."

"का पण?" शैलानं विचारलं.

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली. "पहिल्यांदा वाढलो न्हाई ना, तेव्हा पप्पांचं तोंड एवढंसं झालं होतं. मग पुढच्या खेपेला मी उचलल्या."

शेडच्या पलीकडं जहाज पुन्हा सुरू झालं होतं. शैलानं तोंडाला पदर लावला, पण क्षणभरच. मग ती खाली फरशीवर बसली. तिनं अवधूतचे बूट काढले, मोजे काढले, त्याला खांबाला टेकवून उभा केला आणि आपले दोन्ही तळवे त्याच्या टाचांवर ठेवले.

"आता मापा," ती मला म्हणाली.

मी टेपचं टोक फरशीला लावलं. डोक्यापर्यंत नेली. आकडा डोळ्यांपुढं होता आणि तो मला वाचता येत नव्हता, सगळं पाण्यातून बघितल्यासारखं झालं होतं. केतकी बाकावरून उतरून शेजारी येऊन उभी राहिली.

"पप्पा, वाचा ना," अवधूत म्हणाला.

मी डोळे पुसले आणि वाचलं. "साडेबेचाळीस."

"हां," तो म्हणाला. "तेवढाच हाय मी."